घर बघायच्या आधी जमीन बघा: ठाणे-नवी मुंबईतला परिसर ऑनलाइन नकाशावर कसा तपासावा

घर दाखवणारा एजंट तीन गोष्टी हमखास सांगतो: स्टेशन दहा मिनिटांवर, पाणी चोवीस तास, आणि समोर काही उभं राहणार नाही. इमारतीखाली पूर्वी काय होतं, मागचा नाला कुठून येतो आणि जुलैमध्ये तो किती फुगतो, हे तो सांगत नाही. आपणही विचारत नाही. यातलं बरंचसं फुकटच्या ऑनलाइन नकाशांवर बघता येतं. लॅपटॉप आणि सुट्टीची एक दुपार काढा. मोबाइलवरही जमतं, पण बोटाखाली अर्धा सेक्टर झाकला जातो.

सुरुवात प्रश्नापासून करा. नुसता नकाशा उघडून इकडेतिकडे फिरलात तर अर्ध्या तासात तुम्ही स्वतःच्या गावच्या शाळेवर पोहोचलेले असाल. या लेखापुरता प्रश्न ठरवूया: कोपरखैरणे-घणसोलीच्या पट्ट्यातल्या एखाद्या इमारतीच्या आसपास पाणी कुठं आहे आणि ते कुठं जातं?

मग जागा नेमकी पकडा. नवी मुंबईत फक्त सेक्टरच्या नंबरावर शोधू नका. प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी-नेरुळसारख्या शहराच्या प्रत्येक भागात, सेक्टर एकपासून सुरू होतात. सेक्टर ६ वाशीत आहे, नेरुळात आहे, खारघरलाही आहे. शिवाय एकाच गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग चार जणांनी चार तऱ्हेनं केलेलं असतं. म्हणून गुगल मॅप्सवर इमारत डोळ्यांनी शोधा, तिच्यावर राइट क्लिक करा आणि वर येणारे दोन आकडे कॉपी करून ठेवा. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. आपल्याकडे पहिला १९ नं सुरू होतो (उलव्याच्या बाजूला १८ नं), दुसरा ७२ किंवा ७३ नं. दशांश चिन्हानंतर चार आकडे असले तर जागा साधारण अकरा मीटरच्या आत पक्की होते. दोनच ठेवलेत तर फरक किलोमीटरभराचा पडू शकतो. काही ठिकाणी रेखांश आधी लिहायची पद्धत आहे, तेव्हा चिकटवताना क्रम बघा. उलटा टाकलात तर कोपरखैरणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात निघतं.

आता ओपनस्ट्रीटमॅप उघडा आणि शोधाच्या चौकटीत ते दोन आकडे टाका. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवकांनी भरलेला आहे. उजवीकडच्या पट्टीत बाण आणि प्रश्नचिन्ह असलेलं बटण सापडेल. ते दाबून नकाशावर कुठंही टिचकी मारली की त्या जागेच्या आसपासच्या नोंदींची यादी डावीकडे येते. तिथल्या कुठल्याही ओळीवर क्लिक करा: ही वस्तू काय म्हणून नोंदवली आहे, शेवटचा बदल केव्हा झाला, कुणी केला, सगळं दिसतं. ही तारीख बघायची सवय लावून घ्या. आठ वर्षांपूर्वीचा मोकळा भूखंड नकाशावर अजून मोकळाच असतो.

पुढचं काम ओव्हरपास टर्बो या वेबसाइटवर. ती ओपनस्ट्रीटमॅपमधूनच हवी ती माहिती वेचून देते. आपला पट्टा पडद्यावर मावेल एवढा झूम करा, वर ‘विझार्ड’ दाबा आणि चौकटीत इंग्रजीत ‘नॅचरल’, मग बरोबरचं चिन्ह (=), मग ‘वॉटर’ असं टाइप करून चालवा. तळी, तलाव वगैरे जे काही नोंदलेलं असेल ते रंगून पुढं येईल. मग ‘वॉटर’ काढून ‘वेटलँड’ टाका. आता खाडीकाठची दलदल आणि खारफुटी दिसेल. नाल्यांसाठी ‘वॉटरवे’ = ‘ड्रेन’ करून बघा. दरवेळी ‘एक्स्पोर्ट’मधून केएमएल फाइल (नकाशावरच्या जागा-रेषा साठवणारी फाइल) उतरवून ठेवा, पुढं लागणार आहे.

आता जे सापडलं ते वाचायला थोडं शहर माहीत असावं लागतं. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि खाडीकाठची सखल जमीन भरून इथं शहर वसवायला घेतलं. शहराचे बरेच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. त्यामुळे भरती चालू असताना पावसाचं पाणी खाडीत सोडायची सोय नाही; उलट खाडीचंच आत येईल. यावर तोडगा म्हणून धारण तलाव बांधले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात. भरती असेल तेव्हा झडपा बंद, पाणी तलावात साठतं. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि पाणी खाडीत जातं. आता यातल्या बऱ्याच तलावांत गाळ भरलाय, वर खारफुटी उगवली आहे आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यानं गाळ काढणं सोपं राहिलेलं नाही. म्हणून उपग्रहाच्या चित्रात निळं पाणी शोधायला गेलात तर हे तलाव चुकतील. हिरवा, सरळ कडांचा, एका टोकाला नाल्याला आणि दुसऱ्या टोकाला खाडीला जोडलेला तुकडा दिसला तर तिथं थांबा. ओव्हरपासमध्ये तो ‘वॉटर’खाली येईल की ‘वेटलँड’खाली, हे भरणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून तर दोन्ही शोध घ्यायचे.

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायचा विचार असेल तर गणित वेगळं. तिथं एका बाजूला येऊरचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी; नाले वरून उतरतात आणि रस्ता ओलांडून खाडीकडे जातात. धारण तलावाऐवजी नाल्याची रेघ डोंगरापासून शेवटपर्यंत तुटत नाही ना, ते तपासा. मध्येच तुटली तर एकतर नाला पत्र्या-स्लॅबखाली गेलाय किंवा कुणी नोंदवलेला नाही.

आता वेळ गुगल अर्थची. ब्राउझरमध्येच उघडते, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. मघाच्या केएमएल फाइली त्यात आयात करा आणि जुन्या चित्रांचं बटण दाबून कालपट्टी मागं सरकवा. आजच्या तलाव-नाल्यांच्या रेषा पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या जमिनीवर ठेवलेल्या दिसतील. तुमच्या इमारतीच्या जागी मिठागर होतं, भातशेती होती की खारफुटी, हे बहुतेक वेळा लगेच कळतं. हात बसवायला उलव्याचा परिसर बघा: टेकडी कापली गेली, नदीचं पात्र वळवलं गेलं आणि २०२५ मध्ये तिथं विमानतळ सुरू झाला, हे सगळं वर्षं सरकवत पाहता येतं. फार मागं गेलात, म्हणजे १९८४ च्या आसपास, तर चित्र भरड होतं. तेव्हाच्या लँडसॅट उपग्रहाच्या एका ठिपक्यात तीस मीटरचा चौकोन मावतो. त्यात खाडीचा आकार समजतो, चाळ समजत नाही.

इथं दोन गोष्टींनी भलेभले फसतात.

एक, भरती-ओहोटी. उपग्रह ठरलेल्या वेळी येतो, खाडी त्याच्यासाठी थांबत नाही. एका वर्षीचं चित्र भरतीचं आणि पुढचं ओहोटीचं असेल तर मधल्या काळात खाडी आटली असं वाटतं. दोन तारखांवरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच बघा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं आणि नेहमीच्या उपग्रह-कॅमेऱ्याला ढगांपलीकडचं दिसत नाही. त्यामुळे तुम्हाला दिसणारी जवळजवळ सगळी चित्रं ऑक्टोबर ते मे या काळातली असतात. चित्रांच्या तारखा वाचत जा, पटेल. म्हणजे उपग्रहाच्या चित्रातली नवी मुंबई कायम कोरडी. नाला दोन फुटी, मैदान तपकिरी, सबवे रिकामा. घर घेण्यासाठी जो महिना बघायला हवा, नेमका तोच या चित्रांत नाही. ‘नकाशावर तर काही दिसत नाही’ हे वाक्य एजंटानं म्हटलं तर सोडून द्या, पण आपण स्वतःला तरी म्हणू नये.

उंचीचंही तसंच. गुगल अर्थमध्ये कर्सर फिरवला की कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. पारसिकचा डोंगर कुठं आणि खाडीकाठ कुठं, एवढं त्यावरून खुशाल बघा. पण ‘माझी सोसायटी चार मीटरवर आणि शेजारची तीनवर’ असला हिशोब करू नका. जगभराच्या अशा माहितीचा एक मोठा स्रोत म्हणजे २००० साली अंतराळयानातून केलेली रडार-मोजणी, आणि तिच्यात सोळा मीटरपर्यंतची चूक मुळातच गृहीत धरलेली होती. शिवाय छपरं आणि झाडांचे शेंडे उंचीत मिसळतात.

इस्रोची नकाशांची वेबसाइट, भुवन, तीही उघडून बघा. त्यात जमिनीच्या वापराचे २००५-०६, २०११-१२ आणि २०१५-१६ चे नकाशे आहेत आणि दोन काळ शेजारी ठेवले तर शेतीची जागा वस्तीनं कशी घेतली ते दिसतं. प्रमाण १:५०,००० आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. गल्लीतला तलाव त्यात शोधू नका.

जमिनीचा तुकडा गट नंबरावरून बघायचा असेल तर महाभूनकाशा ही राज्य सरकारची वेबसाइट: जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि नंबर टाकायचा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं; खारघर, कामोठे, उलवे रायगडमधल्या पनवेल तालुक्यात. गाव म्हणजे मूळ महसुली गाव, नोडचं नाव नव्हे.

अंतर मोजायला गुगल मॅप्सवर राइट क्लिक करून ‘अंतर मोजा’ निवडा. खारफुटीच्या कडेपासून पन्नास मीटर हा आकडा लक्षात ठेवा. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या खारफुटीभोवती एवढा संरक्षित पट्टा धरतात. तुमचं माप इशारा म्हणून ठीक. व्यवहार करायचा असेल तर सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचा, मंजूर नकाशाच बघावा लागेल.

मग एकदा जागेवर जा. पेपरात पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा येतात. त्यातली एक निवडा, शक्यतो अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची, आणि भरतीच्या वेळेला नाल्याच्या तोंडाशी उभे राहा. पाणी कुठल्या दिशेला जातंय ते बघा. खालच्या मजल्यावरच्या भिंतींवर ओलीची रेघ आहे का ते बघा आणि वॉचमनशी बोला. नकाशात नसलेला नाला किंवा झडप सापडली तर ओपनस्ट्रीटमॅपवर नोंद ठेवायचं बटण आहे, खातं न उघडताही चालतं. नेमक्या जागेवर टाचणी लावा. काय दिसलं आणि कुठल्या तारखेला, तेवढंच लिहा. गुगलवरून बघून लिहू नका, ओपनस्ट्रीटमॅपच्या नियमात ते बसत नाही.