जलरंगात विरोधी रंगांचा उपयोग कसा करावा

रंगचक्रावर समोरासमोर येणाऱ्या दोन रंगांना विरोधी किंवा पूरक रंग म्हणतात. रंगकामात तांबडा-हिरवा, निळा-नारिंगी आणि पिवळा-जांभळा या जोड्या परंपरेने चालत आल्या आहेत. जोडीतले रंग शेजारी लावले की एकमेकांना उठाव देतात आणि मिसळले की एकमेकांचा भडकपणा कमी करतात. शाळेत उठावावरच भर दिला जातो. माझ्या मते जलरंगात मिसळण्याचा गुण अधिक कामाचा आहे.

सरावासाठी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना घ्यावेत. बर्न्ट सिएना तपकिरी दिसत असला, तरी रंगछटेने तो गडद नारिंगीच असतो. कागदावर चौकोनांची पट्टी आखून एका टोकाला शुद्ध निळा, दुसऱ्या टोकाला शुद्ध सिएना लावावा आणि मधल्या चौकोनांत प्रमाण थोडेथोडे बदलत न्यावे, म्हणजे पावसाळी ढगांच्या थंड करड्यापासून ओल्या मातीच्या उबदार करड्यापर्यंतच्या छटा हाती येतात. पाणी कमी ठेवल्यास याच मिश्रणातून जवळजवळ काळा रंग मिळतो आणि ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा तो चित्रात अधिक मिसळून जातो.

सावली रंगवताना वस्तूच्या मूळ रंगात त्याचा विरोधी रंग ब्रशच्या टोकाने किंचित मिसळावा. टोमॅटोची अंधारी बाजू क्रिमसनमध्ये (गडद तांबड्या रंगात) थोडा हिरवा घालून उत्तम साधते. पिवळ्याच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवावा, कारण तो मुळातच फिका असल्याने जरा जास्त जांभळा पडला तरी मळकट होतो.

विरोधी रंग शेजारी लावताना एकाला मोठे क्षेत्र द्यावे आणि दुसरा मोजक्या ठिकाणीच ठेवावा. शेजारच्या रंगाचा परिणाम किती होतो, हे पॅरिसच्या गोबलँ या चित्रमय पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रल यांनी दाखवून दिले. काळे सूत फिके दिसते अशी तक्रार आल्यावर त्यांनी ते तपासले, तेव्हा दोष रंगाचा नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या सुताचा असल्याचे आढळले. त्यांचा यावरील ग्रंथ 1839 मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रकाशाच्या जोड्या वेगळ्या असतात: तांबडा आणि सायन (हिरवट निळा), हिरवा आणि मॅजेंटा (जांभळट गुलाबी), निळा आणि पिवळा. योग्य प्रमाणात एकत्र आल्यास त्या पांढरा प्रकाश देतात, त्यामुळे मोबाइलवर किंवा संगणकावर काम करताना रंगपेटीतले चक्र जसेच्या तसे वापरू नये. नाटकाच्या प्रकाशयोजनेतही हे लक्षात ठेवावे लागते, कारण गडद तांबड्या झोतात हिरवी साडी काळपट दिसते. भित्तिपत्रकावर तांबड्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे घ्यायचीच असतील, तर मजकुराची प्रत आधी कृष्णधवल करून पाहावी. त्यात अक्षरे पुसट झाली, तर एक रंग बराच फिका किंवा बराच गडद करावा.