क्लाऊड अँटीव्हायरसची चाचणी: बसवण्याआधीची तयारी

अजून तयार होत असलेल्या क्लाऊड अँटीव्हायरसच्या चाचणीसाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आणि दुवा हाती आला की लगेच प्रोग्राम बसवून बघावासा वाटतो. तेवढा मोह आवरा. चाचणीत उपयोगी पडणारी बरीच माहिती बसवण्याच्या आधीच्या संगणकावरच मिळते, आणि एकदा प्रोग्राम आत शिरला की ती कायमची हातची जाते.

आधी हे नक्की माहीत असू द्या की तुम्ही कशाची चाचणी घेताय. क्लाऊड अँटीव्हायरसचा तुमच्या संगणकावर असतो तो लहानसा भाग. अनोळखी फाइल दिसली की तो तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला, बहुधा ६४ अक्षरी ठसा, सर्व्हरला पाठवतो आणि ही फाइल चांगली, वाईट की अपरिचित हे विचारतो. अपरिचित निघाली तर काही प्रोग्राम अख्खी फाइलच वर मागवून घेतात. निवाडा दुसरीकडे होतो, त्यामुळे नुसता संगणक तयार ठेवून भागत नाही. नेटचीही तयारी हवी आणि आपल्याकडून बाहेर काय जाणार याचीही.

संगणक कोणता घ्यायचा? ज्यावर घरचे हिशेब, फोटो किंवा नोकरीचं काम आहे तो नको. जुना, बाजूला पडलेला असेल तर उत्तम; पण तो पुसून कोरा करू नका. कोऱ्या विंडोजवर कुठलाही अँटीव्हायरस शहाण्यासारखाच वागतो. खरी गंमत असते ती जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, कधीतरी घेतलेले छोटे प्रोग्राम, अर्धवट काढलेले ड्रायव्हर अशा पसाऱ्यात, आणि प्रयोगशाळेत नेमका हाच पसारा नसतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, वापरणार असाल तर स्नॅपशॉट (त्याच्या त्या क्षणाच्या स्थितीची प्रत) घ्या, शेअर केलेलं फोल्डर आणि सामाईक क्लिपबोर्ड बंद करा. मात्र वेग, झोपेतून उठणं, ड्रायव्हरशी भांडणं या गोष्टी व्हर्च्युअल मशीनवर पारखू नका, तिथले आकडे फसवे असतात. जुन्या स्नॅपशॉटवर परतलात की घड्याळ आधी बघा. ते मागे राहिलं असेल तर सर्व्हरचं प्रमाणपत्र अवैध ठरतं, जोडणी होत नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या अँटीव्हायरसच्या माथी जातो.

बॅकअप संपूर्ण डिस्कचा घ्या, बाहेरच्या डिस्कवर, आणि घेऊन झाल्यावर ती डिस्क काढून ठेवा. रेस्क्यू यूएसबी बनवा आणि तिच्यावरून संगणक खरंच सुरू होतो का ते एकदा करून पाहा. हे अतिसावधपणाचं वाटत असेल तर दोन तारखा आठवा. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. ही दोन्ही उत्पादनं चाचणीतली नव्हती, पूर्ण तयार होती. तुमच्या हातात तर अजून कच्चं आहे. दुसऱ्या प्रसंगात सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसली की काम होत होतं, पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं साधन, चालू असलेल्या अनेक यंत्रांवर तिथवर पोचायलाच ४८ अंकी रिकव्हरी की लागली. तुमची की कुठे आहे ते आजच शोधा आणि कागदावर उतरवून घ्या.

आधीचा अँटीव्हायरस पूर्ण काढा. दोन रिअल टाइम पहारेकरी एकाच फाइलवर झडप घालू लागले की संगणक रडकुंडीला येतो आणि दोष कोणाचा हे कधीच कळत नाही. नुसतं अनइन्स्टॉल पुरत नाही. बहुतेक कंपन्यांचं साफसफाईचं वेगळं साधन असतं, ते चालवा आणि रीस्टार्ट करा. डिफेंडर या विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला हात लावू नका. नवा अँटीव्हायरस विंडोजकडे नोंदला गेला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. तो झाला नाही, तर ती तुमच्या चाचणीतली पहिली नोंद.

आता मोजमाप. संगणक सुरू झाल्यापासून कामाला लागेपर्यंत किती वेळ जातो, हजारो लहान फाइलींचं फोल्डर कॉपी व्हायला किती लागतो, रोजचे तीन-चार प्रोग्राम किती वेळात उघडतात, काही न करता मेमरी किती जाते हे सगळं बसवण्याआधी मोजा. प्रत्येक गोष्ट अनेकदा मोजा आणि पहिला आकडा वेगळा लिहा, कारण दुसऱ्या वेळी फाइली कॅशमधून येतात. क्लाऊड अँटीव्हायरसमध्ये हा फरक जास्त जाणवतो: एकदा विचारलेला निवाडा तो जवळ ठेवतो, म्हणून पहिला स्कॅन रेंगाळतो आणि पुढचे झपझप होतात. ‘संगणक मंद झाला’ या शेऱ्याचा कोणालाच उपयोग नसतो. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा असा जोड असेल तर असतो.

नेटची तयारी बहुतेक स्वयंसेवक विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दोष तिथेच सापडतात. वायफाय बंद करून स्कॅन चालवणं हे झालं सोपं. त्यापलीकडे जा: स्कॅन अर्ध्यात असताना नेट तोडा, फोनच्या हॉटस्पॉटवर जा, व्हीपीएन लावा, लॉगिन पान दाखवणाऱ्या सार्वजनिक वायफायवर जोडा, फायरवॉलमधून फक्त या प्रोग्रामचा रस्ता अडवा. शेवटचा प्रकार मोलाचा, कारण तेव्हा विंडोजच्या लेखी नेट चालू असतं आणि अँटीव्हायरसला मात्र सर्व्हर सापडत नाही. अशा वेळी तो स्पष्ट सांगतो, की हिरवी खूण दाखवून गप्प बसतो? डेटाची मर्यादा असलेलं कनेक्शन असेल तर आदल्या आठवड्याचा वापर लिहून ठेवा.

खरे व्हायरस जमवू नका. अर्ज भरताना ज्यांच्या डोळ्यांत चमक येते त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. क्लाऊडची चाचणी नेट चालू ठेवूनच घ्यावी लागते आणि नेट चालू असताना जिवंत नमुना सोडणं म्हणजे इतरांच्या संगणकांशी खेळ. तुमच्यासाठी आयकारची फाइल आहे: ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, अँटीव्हायरसांनी ओळखावी म्हणूनच बनवलेली. पण तिच्यावरून प्रोग्राम जागा आहे एवढंच कळतं, कारण ती ओळखायला बहुधा सर्व्हरची गरजच पडत नाही. क्लाऊडची विचारपूस होते का हे पाहायला ॲम्ट्सो या चाचणी-मानकांच्या संस्थेने क्लाऊडकार नावाची फाइल ठेवली आहे. तुमचा प्रोग्राम ती ओळखणार आहे का, हे बनवणाऱ्यांना आधी विचारून घ्या. डाउनलोड करताना ब्राउझरनेच अडवलं तर ते श्रेय ब्राउझरचं, नोंदीत गल्लत करू नका.

उलट्या बाजूच्या फाइली मात्र भरपूर जमवा, म्हणजे चांगल्या असूनही ज्यांच्यावर संशय येईल अशा. स्वतः कंपाइल केलेला प्रोग्राम, मॅक्रो असलेली स्प्रेडशीट, सही नसलेला जुना इन्स्टॉलर, मोजकेच लोक वापरतात असं एखादं साधन. जगात कोणीच न पाहिलेली फाइल क्लाऊडला अपरिचित असते आणि खोटे इशारे तिथेच उगवतात.

खाजगीपणाचा करार पूर्ण वाचा. फक्त हॅश जातो की फाइल जाते, कागदपत्रं जातात का, ते बंद करता येतं का? संगणक घरातलं आणखी कोणी वापरत असेल तर त्यांना सांगून परवानगी घ्या. वायरशार्क हे नेटवरची ये-जा दाखवणारं साधन बसवून ठेवलंत तर किती बाइट कुठे गेले ते दिसेल. मजकूर दिसणार नाही, तो कूटबद्ध असतो.

नोंदवहीत प्रत्येक नोंदीला बिल्ड क्रमांक (प्रोग्रामची नेमकी आवृत्ती), काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि वेळ टाइमझोनसकट. बनवणाऱ्यांना तुमची तक्रार त्यांच्या सर्व्हरच्या लॉगशी जुळवायची असते, ‘काल संध्याकाळी’ वरून ते जमत नाही. विंडोज कोसळून निळा स्क्रीन आला तर विंडोज त्याची नोंद ठेवतं त्या मिनीडंप फोल्डरातली फाइल कॉपी करून ठेवा. संशयित ठरलेली फाइल पाठवायची असेल तर झिप करून, पासवर्ड लावून. त्यासाठी ‘इन्फेक्टेड’ हा शब्द रोमन लिपीत लहान अक्षरांत वापरायचा रिवाज आहे, नाहीतर मेल सर्व्हर ती वाटेतच खातो.

आणि प्रोग्राम काढून टाकायचा दिवसही आत्ताच ठरवा. त्या दिवशी आधी क्वारंटाइनमधल्या, म्हणजे अँटीव्हायरसने संशयावरून अडकवून ठेवलेल्या, आपल्या चांगल्या फाइली परत घ्या, मग अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, आणि डिफेंडर पुन्हा चालू झाला का ते बघा. त्यानंतर सुरुवातीची सगळी मोजमापं त्याच क्रमाने पुन्हा घ्या. आकडे मूळ जागी आले नाहीत तर प्रोग्राम मागे काहीतरी सोडून गेलाय, आणि तीही एक नोंद.