नागपुरात कमी खर्चात लहान जातीचा कुत्रा कसा शोधावा

लहान कुत्रा आणायचं घरात ठरलं की बहुतेक जण लगेच किमती विचारायला लागतात. नागपुरात सुरुवात मे महिन्याच्या उन्हाच्या विचारापासून करावी. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते. लहान जातीचा कुत्रा मात्र बारा-पंधरा वर्षं जगतो आणि तितके उन्हाळे तुमच्या घरात काढतो.

१. जात ठरवताना नवतपा आठवा

कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकून. पगचं नाक इतकं आखूड असतं की धापा टाकूनही पुरेशी हवा आत जात नाही. शिह त्झूचीही थोडीफार तीच गत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या घरात गेला की या कुत्र्यांना दुपारभर गार खोली लागतेच. कोरड्या हवेत आपला कूलर बरं काम करतो, पण जूनमध्ये हवा दमट झाली की तो नुसता पंखा उरतो. मग एसी आणि त्यामागून वीजबिल. शिह त्झू आणि ल्हासाच्या केसांचं ग्रूमिंग दर महिना-दीड महिन्याला करावं लागतं, तो खर्च वेगळा. डॅशहाउंडच्या केसांची कटकट नाही, पण लांब पाठीमुळे त्याला मणक्याच्या चकतीचा त्रास लवकर होतो. तिसऱ्या मजल्यावर बिनलिफ्टचं घर असेल तर त्याचा विचार सोडा.

राहिला पॉम. आपल्याकडे ज्याला सगळे पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. अस्सल पॉमेरेनियन दोन-तीन किलोंचा आणि महागडा. स्पिट्झ त्याहून मोठा, लहान चणीचा असेल तर पाच ते सात किलोंचा. इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला असल्यामुळे तो चिवट असतो आणि किंमतही कमी. भुंकतो मात्र मनापासून! हात आखडता असेल तर माझं मत सरळ स्पिट्झला. केस दाट दिसतात म्हणून उन्हाळ्यात त्याला पूर्ण भादरू मात्र नका. तेच केस त्याच्या कातडीला उन्हापासून वाचवतात.

‘टीकप’ नावाची कुठलीही जात नाही. त्या नावाखाली बहुधा कमी वयाचं किंवा अशक्त पिल्लू जास्त पैशांत विकलं जातं.

२. आधी वाढलेला कुत्रा शोधा

ही पायरी लोक सर्रास गाळतात. खरं तर कमी पैशांत चांगला कुत्रा मिळण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त. नागपुरात रेल्वे, वेकोलि (कोळसा खाणींची सरकारी कंपनी), वायुसेना, बँका अशी बदलीची नोकरी करणारी कुटुंबं बरीच आहेत. बदलीची ऑर्डर आली, नव्या गावी घरमालक कुत्र्याला नाही म्हणाला, किंवा घरातल्या आजींच्यानं आता होत नाही, की तीन-चार वर्षांचा शिकलेला, लसी झालेला स्पिट्झ किंवा पग चांगल्या घराच्या शोधात असतो. पोरांच्या परीक्षा आटोपल्या की असे निरोप वाढतात.

हे निरोप कळतात ते जनावरांच्या डॉक्टरांकडे. आपल्या भागातल्या दोन-तीन दवाखान्यांत जाऊन कंपाउंडरला नंबर देऊन या आणि काय हवंय ते नेमकं सांगा: किती किलोपर्यंत चालेल, नर की मादी, घरात लहान मूल आहे का. ग्रूमिंगवाल्यांनाही सांगा. शहरातल्या प्राणिमित्र संस्थांकडे सोडून दिलेले जातिवंत कुत्रेही येतात. ते लोक घर बघायला येतील, नसबंदीची अट घालतील, चार प्रश्न विचारतील. त्याचा राग मानू नका. काहीही न विचारता कुत्रा हाती देणाऱ्याबद्दल मात्र शंका घ्यावी.

कुत्रा का देताय, हे मालकाला विचाराच, आणि त्याच्याच घरी जाऊन, जमल्यास जेवणाच्या वेळी कुत्रा बघा. ताटलीजवळ हात गेल्यावर गुरगुरतो का, दाराची बेल वाजली की काय करतो, हे फोटोत दिसत नाही. मग डॉक्टरांकडून तपासून घ्या. लहान जातींत दात-हिरड्या खराब होणं, गुडघ्याची वाटी सरकणं आणि उतारवयात हृदयाची झडप कमजोर होणं नेहमीचं. गोचीड-तापासाठी रक्ततपासणीही करा. मादीची नसबंदी झालेली नसेल तर तो खर्च लगेच धरून चाला. पुढे गर्भाशयात पू झाला तर ऑपरेशन तातडीचं आणि महागडं होतं.

३. पिल्लूच हवं असेल तर गावठीचाही विचार करा

भाद्रपदात रस्त्यावरचे कुत्रे माजावर येतात आणि साधारण ६३ दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, माद्या वितात. डिसेंबर-जानेवारीत ही पिल्लं दोन महिन्यांची झालेली असतात. तेव्हा आणलं तर उन्हाळ्याच्या आत लसी पूर्ण होतात. बऱ्याच गावठी माद्या पंधरा किलोंच्या आत राहतात. ‘लहान जात’ नव्हे, पण फ्लॅटमध्ये सहज मावतात आणि ऊन त्यांना ठाऊक असतं. पॉमशी मिसळ झालेली पिल्लंही मधूनमधून सापडतात. कोणत्या गल्लीत कुणी किती पिल्लं घातली याची बित्तंबातमी वस्तीत रोज कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांकडे असते. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका.

४. ब्रीडरकडे जायचंच असेल तर

२०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ते प्रमाणपत्र मागा. पुष्कळ जण त्याऐवजी केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागद पुढे करतात. ते कागद वंशावळीचे. त्यांच्यावरून विक्रीची परवानगीही कळत नाही आणि पिल्लाची तब्येतही नाही. शोमध्ये उतरवायचं नसेल तर केसीआयसाठी जादा पैसे मोजू नका.

याच नियमांत आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला बंदी आहे. बाजारातली ठरलेली ओळ असते, ‘पंचेचाळीस दिवसांचं आहे, घेऊन जा.’ हे वाक्य आलं की तिथून उठावं. मादीकडून वर्षात एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत.

पिल्लाची आई दाखवा, असं म्हणा. ‘ती गावाकडे आहे’ असं उत्तर आलं तर समोरचा माणूस बहुधा दलाल असतो. आई समोर आली तर तिच्या सडांकडे, बरगड्यांकडे आणि माणसाजवळ ती कशी वागते तिकडे बघा. आई भेदरट असेल तर पिल्लू बहुधा तिच्याच वळणावर जातं. जागेचा वास घ्या. लसीच्या कार्डावर कुपीचं चिकटवलेलं लेबल, बॅच क्रमांक, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. नुसत्या पेनानं लिहिलेल्या तारखेला अर्थ नाही.

भाव करण्याआधी लेखी घ्या की डॉक्टरांच्या तपासणीत दोष निघाला तर पैसे परत. त्याच दिवशी पिल्लू डॉक्टरांना दाखवा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथेही नेता येतं. पार्वो हा पिल्लांचा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्याची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणून विकताना पिल्लू अगदी टुणटुणीत असू शकतं. पार्वोच्या उपचारांत सलाइन, इंजेक्शनं आणि दवाखान्याच्या रोजच्या फेऱ्या आल्या. स्वस्तात घेतलेल्या पिल्लाचं बजेट बहुतेक वेळा इथेच कोलमडतं.

पेट क्वालिटी, शो क्वालिटी, हेवी बोन, पंच फेस हे सगळे दर वाढवायचे शब्द. पगच्या बाबतीत ‘पंच फेस’ म्हणजे नाक आणखी आखूड. त्यासाठी वर पैसे का द्यायचे?

५. आगाऊ पैसे कधीच नाहीत

ऑनलाइन जाहिरातीतली ठरलेली फसवणूक अशी: गोंडस फोटो, अर्धी किंमत, पिल्लू पुण्याला किंवा बंगळूरला, आणि ‘फक्त गाडीभाडं आधी पाठवा’. त्यामागून विमा, मग पिंजऱ्याचे पैसे, आणि शेवटी फोन बंद. कुत्रा हातात घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. व्हिडिओ कॉलवर आजचं वर्तमानपत्र पिल्लाजवळ धरायला सांगितलं की निम्मे विक्रेते तिथेच गळतात.

६. आणण्याआधी आणि आणल्यावर

भाड्याच्या घरात असाल तर मालकाची लेखी संमती घ्या. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी लिफ्ट आणि घाणीबद्दल आधी बोलून घेतलेलं बरं.

आधीच्या घरी जे खायचं तेच पहिला आठवडा द्या, बदल हळूहळू करा. पिल्लाच्या लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर किंवा बागेत उतरवू नका, पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तिचं कार्ड जपून ठेवा, महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करताना ते लागेल. वाढलेला कुत्रा आणला असेल तर पहिले दोन-तीन दिवस तो कदाचित खाणार नाही, पलंगाखाली बसेल. त्याला ओढून बाहेर काढू नका, आणि पाहुण्यांना पुढच्या रविवारी या म्हणावं.