इंजिन ओढून बसवू नये: केसिंगला पीळ न देता विमानाचं इंजिन कसं टांगायचं

माझा पुतण्या विमान दुरुस्तीचा कोर्स करतोय. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. "काका, आज इंजिन चढवताना एक बोल्ट हाताने जाईना, तर सरांनी अख्खं इंजिन परत खाली घेतलं. दोन तास गेले. हातोडीची एक टपली मारली असती तर गेला असता ना?"

गेला असता, आणि खरी गोम तिथेच आहे. फोनवर त्याला जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहून काढतोय. वीस वर्षं मी हवाई दलात इंजिन फिटर होतो, मग अकरा वर्षं मुंबईच्या एका हँगरमध्ये काढली. आता चोपडा तालुक्यात तापीकाठी केळी लावतो. पण मी पहिलं इंजिन फोडलं ते विमानाचं नव्हतं, विहिरीवरचं होतं.

मी नववीत असेन. वडिलांनी पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणलं आणि मी गवंड्याबरोबर काँक्रीटचा ओटा घातला. चार फाउंडेशन बोल्ट, चार पाय. तीन पाय टेकले, चौथ्याखाली रुपयाचं नाणं सरकेल एवढी फट. मी पान्याच्या दांड्यात पाईप घातला आणि आवळलं. फट गेली, इंजिन चालू झालं, सगळे खूश. पंधरा दिवसांनी त्या पायाच्या कोपऱ्यातून तेल पाझरू लागलं. पुसून पाहिलं तर पायापासून क्रँककेसपर्यंत केसासारखी चीर. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते वाकत नाही, तडकतं. चोपड्याहून आलेला मिस्तरी ओट्याशी बसला, चीर बघितली आणि मला एवढंच म्हणाला, "जोर नको लाऊ भो, त्याले बठू दे."

पुढे जेट इंजिनं चढवताना जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या वाक्यात होतं.

म्हणून विमानाकडे जायच्या आधी ओट्यावरची पद्धत सांगतो. इंजिन ओट्यावर ठेवा, एकही नट लावू नका. चारही पायांखाली फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून बघा. जिथे फट असेल तिथे तेवढ्याच जाडीची शिम, म्हणजे धातूची पातळ पट्टी, सरकवा. लाकडाची ढपली किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा नको. मग चारही नट आवळा आणि एका पायावर डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारा काटा) टेकवून त्याच पायाचा नट सोडा. पाय ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलला गेला, तर तो पाय खोटा टेकला होता आणि बोल्टने त्याला दाबून धरलं होतं. चारही पायांना हे करा. अर्ध्या तासाचं काम आहे.

चार पायांची बाज अंगणात डुगडुगते आणि तिपाई कुठल्याही ढेकळावर स्थिर उभी राहते. इंजिनाचंही तसंच. कुठलीही वस्तू सहाच प्रकारे हलू शकते: पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, आणि या तीन दिशांभोवती तीन फिरक्या. सहा हालचालींना सहा बंधनं पुरतात. सातवं घातलं की प्रत्येक बंधन दुसऱ्याशी भांडायला लागतं, आणि भांडण सोसतं केसिंग, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच. ओट्यावर आपण जास्तीची बंधनं घालतो आणि शिमने चूक भरून काढतो. विमानात मुळातच मोजून सहा घालतात. इंजिन तापतं आणि वाढतं, म्हणून तिथे शिमने भागत नाही.

वाढतं म्हणजे किती? पोलादाची मीटरभर लांब केसिंग पाचशे अंशांनी तापली तर साधारण सहा मिलिमीटर लांबते. पुढून घट्ट आणि मागूनही घट्ट धरली तर ते सहा मिलिमीटर जाणार कुठे? म्हणून पुढचा माउंट, म्हणजे इंजिन विमानाला टांगायचा जोड, इंजिनाची जागा ठरवतो आणि मागचा माउंट लिंकांवर लोंबतो. लिंक म्हणजे दोन्ही टोकांना डोळा असलेली पट्टी, डोळ्यात गोलाकार बेअरिंग. इंजिन वाढलं की लिंक झोपाळ्यासारखी किंचित कलते. वजन, आडवा धक्का आणि इंजिनाची फिरकी ती धरते, लांबणं धरत नाही.

आता रेटा, म्हणजे थ्रस्ट. सगळी गंमत आणि सगळी भानगड इथे आहे. ७३७ सारख्या विमानाच्या एका इंजिनाचं वजन अडीच टनांच्या आत-बाहेर, पण टेकऑफला त्याचा रेटा बारा टनांपर्यंत जातो. म्हणजे इंजिन लोंबण्यापेक्षा पुढे ढकलण्याचा जोर कितीतरी मोठा. रेटा निघतो इंजिनाच्या मध्यरेषेतून, माउंट असतो डोक्यावर. पाठीवर धरलेल्या माणसाला पोटातून पुढे ओढल्यावर जसं होईल, तसं इंजिन धनुष्यासारखं वाकतं आणि जिथे धरलंय तिथे केसिंग गोल न राहता अंड्यासारखी होते. आत फिरणारी चकती मात्र गोलच असते. एका बाजूला पात्यांची टोकं केसिंगला घासतात, दुसऱ्या बाजूला फट वाढते. टर्बाइनच्या पात्याच्या टोकाशी पाव मिलिमीटर फट वाढली तर इंधन टक्काभर जास्त लागतं. इथे पाव मिलिमीटरचा हिशोब चालतो आणि आपण हातोडीच्या टपलीचं बोलतोय.

हे पुस्तकी वाटत असेल तर घरी करून बघा. ठिबकच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाईप आमच्याकडे प्रत्येक खळ्यात पडलेला असतो. वीतभरापेक्षा थोडा मोठा, तीस सेंटीमीटरचा तुकडा कापा. वर मधोमध भोक पाडून एका बोल्टने तो तुळईला टांगा, बरोबर त्याच्या खाली दुसरं भोक पाडून वीस किलोचं खताचं पोतं लटकवा. आता व्हर्नियरने उभा आणि आडवा व्यास मोजा. माझ्याकडच्या तीन मिलिमीटर जाडीच्या पाईपला दोन्हींत चार मिलिमीटरचा फरक पडला होता. मग पाईपच्या तोंडात घट्ट बसेल अशी लाकडी चकती ठोका, दोन्ही बाजूंनी, आणि परत मोजा. फरक जवळजवळ जातो. पोतं तेच आणि बोल्टही तोच. म्हणूनच माउंट नेहमी इंजिनाच्या फ्रेमवर असतो, जिथे आत आरे असलेला मजबूत सांगाडा आहे. नुसत्या पत्र्यासारख्या केसिंगवर तो कधीच नसतो. इंजिन उचलताना पट्टा कुठे घालायचा तेही यावरूनच ठरतं. हाताला सोपं पडतं म्हणून केसिंगभोवती पट्टा घालणारे बहाद्दर मी पाहिलेत.

अंड्याचा हा धडा बोइंग कंपनी आणि प्रॅट अँड व्हिटनीला फार महाग पडला. ७४७ ने ९ फेब्रुवारी १९६९ ला पहिलं उड्डाण केलं, तेव्हा त्याच्या जेटी९डी इंजिनांची केसिंग रेट्याखाली अंडाकृती होत होती. इंजिनं दुरुस्तीला गेली आणि कारखान्याबाहेर नवी कोरी विमानं पंखाखाली काँक्रीटचे ठोकळे टांगून उभी राहिली. इंजिनाचं वजन नसेल तर विमानाचा तोल जातो, म्हणून ठोकळे. उपाय सापडला तो उलट्या वाय अक्षरासारख्या चौकटीचा: रेटा एका जागी न घेता दोन जागी वाटून घ्यायचा. एअर इंडियाने १९७१ मध्ये आपलं पहिलं ७४७, 'सम्राट अशोक', आणलं तोवर हे निस्तरलं होतं.

आजच्या इंजिनांत त्या चौकटीचं काम दोन थ्रस्ट लिंक करतात. इंजिनाच्या पुढच्या भागात डाव्या-उजव्या अंगाला एकेक लिंक लागते आणि दोन्ही तिरक्या वर-मागे माउंटकडे जातात. त्यांचा तिरकेपणा असा ठेवतात की रेट्याची ओढ इंजिनाच्या मध्यरेषेच्या जवळून जावी, म्हणजे धनुष्य कमी वाकतं. पण दोन लिंका अगदी सारख्या लांबीच्या कधीच बनत नाहीत. एक केसभर आखूड निघाली तर सगळा रेटा तीच ओढणार. यावरचा इलाज बैलजोडी जुंपणाऱ्याला सांगावा लागत नाही. जू मधोमध बांधलेलं असतं. एक बैल पाऊलभर पुढे गेला तर जू तिरकं होतं, पण ओढ दोघांवर सारखी राहते. इथेही दोन्ही लिंका एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना आणि दांडी मधल्या एका पिनवर. ही दांडी हाताने हलवली तर हललीच पाहिजे. रंगाने, गंजाने किंवा कुणी हौसेने भरलेल्या सीलंटने ती जाम झाली असेल, तर जोडीतला एकच बैल गाडी ओढतोय असं समजा.

आता प्रत्यक्ष चढवणं. टॉर्कचे, म्हणजे नट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे मी मुद्दाम देत नाही. ते त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच बघायचे, काकाच्या लेखात नाही.

इंजिन पाळण्यात ठेवून पंखाखाली आणतात आणि चार चेन ब्लॉकने उचलतात, दोन पुढे, दोन मागे. प्रत्येकाला वजनाचा काटा लावतात. जमिनीवरून सुटल्यावर चारही काट्यांची बेरीज लिहून ठेवा. वर जाताना बेरीज तेवढीच राहायला हवी. वाढली, तर जास्तीचं वजन इंजिनाचं नाही. एखादी नळी, वायर किंवा कंस कुठेतरी अडकलाय आणि तुम्ही इंजिनाने विमान ओढताय. थांबा, आणि खाली घ्या. चौघे साखळी ओढत असताना एकानेच बोलायचं. आमच्याकडे बोलणारा तेवढा काट्यांकडे बघायचा, साखळीला हात लावायचा नाही.

शेवटचे काही सेंटीमीटर सगळ्यात हळू. माउंटची तोंडं समोरासमोर आली की पिना आपोआप भोकात शिरल्या पाहिजेत. मग सगळे बोल्ट हाताने आत घालायचे. सगळे गेल्याशिवाय पाना उचलायचा नाही. एक जात नसेल तर चूक बोल्टची नसते, इंजिन जागेवर नसतं. चेन ब्लॉक एखादी कडी इकडे-तिकडे करून बघायचं, नाहीतर खाली घ्यायचं. बोल्टने इंजिन ओढून आणलं की भोकं जुळतात, पण जेवढं ओढलं तेवढा ताण कायमचा केसिंगमध्ये राहतो. त्यावर रोज टेकऑफचे बारा टन, रोज तापणं-निवणं. माझ्या ओट्याला पंधरा दिवस लागले होते.

नट सगळे बोटांनी लावून झाले की मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळायचे. आटे कोरडे ठेवायचे की वंगण लावायचं ते आधी वाचा. जिथे कोरडं म्हटलंय तिथे बोटाचं ग्रीस लागलं, तर त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो आणि टॉर्क रेंच काहीच बोलत नाही.

याच कामात नवा पोरगा हमखास चकतो ती गोष्ट म्हणजे ढिली लिंक. माउंटमध्ये एखादी लिंक किंवा पिन अशी असते की भोक पिनेपेक्षा मोठं, हलवली की खडखडते. माझ्या हाताखालच्या एकाने ती "लूज आहे साहेब" म्हणून वॉशर भरून घट्ट केली होती. ती राखीव असते. मुख्य लिंक तुटलीच तर भार झेलायला उभी, एरवी तिने काही धरायचं नाही. घट्ट केली की तीच सातवं बंधन होते. खडखडू द्यावी.

घाईचं काय होतं, त्याचं उदाहरण २५ मे १९७९ चं शिकागोचं. डीसी-१० विमानाचं डावं इंजिन पायलनसकट (पायलन म्हणजे इंजिन पंखाला जोडणारा खांब) टेकऑफलाच पंखावरून निघालं, २७३ माणसं गेली. आधी इंजिन आणि मग पायलन उतरवायचं, ही उत्पादकाची पद्धत. ती सोडून दोन्ही एकदम फोर्कलिफ्टवर घेतली होती, त्यात विमानामागे सुमारे दोनशे तासांची मजुरी वाचायची. फोर्कलिफ्टवर बसवताना पायलनच्या मागच्या जोडावर दाब आला आणि तिथे दहा इंची तडा गेला, तो कुणाला दिसला नाही. पुतण्याच्या सरांनी दोन तास घालवले त्याचा हिशोब याच्याशी लावून बघावा.

शिरपूर-धुळ्याकडे आकाशात घिरट्या घालणारी शिकाऊ विमानं दिसतात, त्यांचं प्रकरण वेगळं. तिथे पिस्टनचं इंजिन, रेटा कमी पण थरथर जास्त. पोलादी नळ्यांच्या चौकटीवर चार रबरी माउंट असतात आणि बऱ्याच इंजिनांत ते असे तिरपे लावतात की त्यांच्या रेषा इंजिनाच्या वजनाच्या मध्याकडे रोखलेल्या राहतात. वरच्या आणि खालच्या जागी रबर कधी वेगळ्या कडकपणाचं असतं. अदलाबदल करू नका, भाग क्रमांक बघून लावा. रबर बसलं की इंजिनाचं नाक खाली जातं. प्रोपेलरच्या टोपीची आणि काउलिंगची, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाची, फट वर-खाली सारखी आहे का, हे चालता चालता बघितलं तरी कळतं. आमच्या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा रबराला तडे आहेत का ते टॉर्च मारून बघावंच.

शेवटी, आवळून झालेल्या प्रत्येक नटावरून माउंटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. पहिला ग्राउंड रन, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघणं, झाला, इंजिन निवलं, की परत जाऊन रेघा बघा. एखादी तुटलेली दिसली तर लगेच पाना लावून सरळ करू नका. तो नट फिरला का, हे आधी शोधा, आणि त्यासाठी चेन ब्लॉक परत लावून इंजिनाचं वजन काट्यावर घ्यावं लागलं तर घ्या.