कंट्रोल-सीनं थांबते, मग किलनं का नाही?

फोंड्याजवळच्या एका देवस्थानच्या कार्यालयात माझी बॅश स्क्रिप्ट (ओळीनं चालणाऱ्या कमांडची फाइल) चालते. हिशेबाच्या फायली कॉपी करायच्या, ‘स्लीप ३००’, म्हणजे पाच मिनिटं थांबायचं, परत कॉपी. दुसरी प्रत चालू होऊ नये म्हणून सुरुवातीला लॉक फाइल बनवते आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये, ती पुसते. कंट्रोल-सी दाबून तपासलं, लॉक गेली. मी खूश.

जूनमध्ये वीज गेली. यूपीएस टिक्-टिक् करू लागला म्हणून दुसऱ्या टर्मिनलवरून किल दिलं, म्हणजे स्क्रिप्टला थांबायला सांगणारा टर्म सिग्नल पाठवला. स्क्रिप्ट ढिम्म. घाईत ‘किल -९’ मारलं. नऊ नंबरचा सिग्नल ट्रॅपमध्ये पकडताच येत नाही, त्यामुळे लॉक तशीच राहिली आणि दुसऱ्या दिवशी बॅकअप सुरूच होईना.

कंट्रोल-सीचा सिग्नल टर्मिनलवरच्या पूर्ण गटाला जातो. स्लीपही मरतो आणि ट्रॅप लगेच चालतो. किल मात्र दिलेल्या एकाच प्रोसेसला जातं. तेव्हा समोरची कमांड संपेपर्यंत बॅश ट्रॅपला हात लावत नाही, म्हणजे पाच मिनिटांपर्यंत वाट बघा.

उपाय एका ओळीचा. स्लीपच्या शेवटी अँपरसँड (&) लावून त्याला मागे पाठवा आणि लगेच ‘वेट’ (मागचं काम संपेपर्यंत थांब) लिहा. सिग्नल आला की वेट तिथेच सुटतो. कॉपीला मात्र मागे पाठवू नका. ती पुरी झाल्यावरच ट्रॅप चालला, तर अर्धवट फाइल राहत नाही.

ट्रॅपमध्ये लॉक पुसून झाल्यावर ‘एक्झिट १४३’ (१४३ हा कोड देऊन स्क्रिप्ट संपव) लिहायला विसरू नका. नाहीतर लॉक जाते आणि स्क्रिप्ट निवांत पुढे चालते (हेही मी केलंय). १४३ म्हणजे १२८ अधिक टर्मचा नंबर १५. कंट्रोल-सीचा कोड १३०. लॉगमध्ये १३७ दिसला तर बहुधा कोणीतरी नऊ मारलेला असतो.

तपासताना स्क्रिप्टला सुरुवातीलाच आपला प्रोसेस नंबर, म्हणजे डॉलर-डॉलर ($$), छापायला लावा आणि त्याच नंबरावर टर्म पाठवा. दुसऱ्या स्क्रिप्टमधून अँपरसँड लावून चालवली असेल तर इंट (कंट्रोल-सीचा) सिग्नल दुर्लक्षितच असतो, ट्रॅप लावला तरी तो चालत नाही.

स्क्रिप्ट कुठे अडकलीय ते बघायला मी यूएसआर१ (आपल्या वापरासाठी ठेवलेला सिग्नल) वर ट्रॅप लावलाय, चालू फाइलचं नाव लॉगमध्ये लिहिणारा. त्यानंही वेट सुटतो, म्हणून पुढची कॉपी वेळेआधी होते. मला चालतं. पण ट्रॅप नसलेल्या स्क्रिप्टला चुकून यूएसआर१ पाठवलात, तर ती जागच्या जागी मरते.