खानदेशात बाहेरचं दार घेताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि महिन्या-दीड महिन्यात त्याच दारावर पावसाची झड बसते. लाकूड उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात फुगतं. बाहेरची दारं बिघडतात ती बहुतेक या ओढाताणीनेच. तरी दुकानात चर्चा होते ती नक्षीची, फार तर ‘सागवानच आहे ना?’ एवढीच.

नाव पाहिलं, ओल नाही पाहिली

सागवान चांगलंच, पण ओल्या सागाचं दार पहिल्याच उन्हाळ्यात पिळतं. लाकडातली ओल १२ टक्क्यांच्या आत हवी. मॉइश्चर मीटरच्या सुया फळीच्या मधोमध टोचायला सांगा. टोकं आधी सुकतात, त्यामुळे तिथला आकडा नेहमीच गोड येतो. सालीजवळचं पांढुरकं लाकूड चौकटीत येऊ देऊ नका, वाळवीला तेच आवडतं.

फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी प्लायवूड चिकटवलेलं सपाट दार) घेत असाल तर भरीव गाभ्याचं, किमान ३५ मिमी जाडीचं आणि आयएस २२०२ चा (अशा दारांसाठीच्या भारतीय मानकाचा) शिक्का असलेलं घ्या. शिक्का दारावर हवा, नुसता बिलावर नको. लोखंडी दारात गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, म्हणजे २० गेजपेक्षा १६ गेज जाड. इथे बरेच जण उलटं समजून फसतात.

वरची आणि खालची कड कोरी

ही चूक सर्वांत महागात पडते, कारण ती दिसत नाही. पुढून-मागून पॉलिश चकाचक, पण वरची-खालची कड तशीच. फळीची टोकं पाणी स्ट्रॉसारखं ओढतात. मग तळ फुगतो, फ्लश डोअरचे थर सुटतात. दार बसलेलं असेल तर मोबाइल वरच्या कडेवर धरून फोटो काढा. कोरं लाकूड दिसलं तर मिस्तरींना परत बोलवा. खालच्या कडेसाठी दार उतरवावं लागतं; त्याचा कंटाळा करू नका. कुलपाची खाच आणि बिजागरीचे खळगेही त्याच हाताने पॉलिश मारून बंद करून घ्या.

पॉलिश मेलामाइनचं नको. ते घरातल्या कपाटाला ठीक. पश्चिमेच्या उन्हात त्याचे पोपडे निघतात. बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश घ्या, रंग फिका ठेवा आणि दारावर दोन फुटांचा छज्जा काढा.

घट्ट बसवलेली फळी, ठोकलेले स्क्रू

पॅनेल दारातली मधली फळी खाचेत मोकळी राहिली पाहिजे, दोन्ही बाजूंना साधारण ३ मिमी जागा सोडून. तिला डिंक लावला किंवा खिळा मारला, तर आटताना सरकायला वाव उरत नाही आणि ती मधोमध तडकते. मग त्या भेगेत लांबी (पुट्टी) भरायची आणि पावसाळ्यात ती बाहेर पडताना पाहायची.

सात फुटी जड दाराला तीन नव्हे, चार बिजागऱ्या लावा. ५ इंची, स्टेनलेस स्टीलच्या. स्क्रू हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे तेवढे फिरवायचे, ही जुनी खोड आहे. असा स्क्रू लाकूड फाडत आत जातो, पकडत नाही. आधी बारीक भोक पाडायला लावा आणि तेवढा वेळ समोर उभे राहा.

श्रावणात दार अडलं, लगेच रंधा मारला

असं केलं की उन्हाळ्यात बोटभर फट. आधी दार कुठे घासतंय ते शोधा: चौकटीच्या आतल्या बाजूला खडू घासा, दार लावा-उघडा, आणि दाराच्या कडेवर खडू कुठे उमटला ते बघा.

फक्त कुलपाकडच्या वरच्या कोपऱ्यात उमटला, तर वरची बिजागरी ढिली आहे. स्क्रू काढा, भोकात सागाची खुंटी डिंक लावून ठोका, वाळल्यावर नवं भोक पाडून लांब स्क्रू घाला. रंध्याचं कामच नाही.

पूर्ण उंचीभर उमटला, तर लाकूड फुगलंय. दिवाळीपर्यंत थांबा. तेव्हाही घासत असेल तरच मिलिमीटरभर काढा आणि त्याच दिवशी कड सील करा. फट बाजूंना आणि वर ३ मिमी, खाली ५-६ मिमी असावी.

तरीही जमेना, तर चौकटीचे दोन्ही कर्ण मापा. ७ बाय साडेतीन फुटांच्या चौकटीत दोन्ही ७ फूट १० इंचांच्या आसपास यायला हवेत. दोघांत बोटभर फरक असेल तर दोष दाराचा नाही. काळ्या मातीवरचा पाया पावसाळ्यात वर उचलला जातो आणि उन्हाळ्यात बसतो, तशी चौकट तिरपी होते. अशा वेळी सुताराआधी गवंडी बोलवा.