टीव्हीखालच्या बंद कपाटातली गरमी कशी घालवली

आमच्या टीव्हीखालचं कपाट प्लायचं आहे, पाठ बंद, पुढे काचेचं दार. आत राउटर, सेट-टॉप बॉक्स आणि मिनी पीसी. उन्हाळ्यात मिनी पीसी तापून मंदावायचा. दार उघडं ठेवलं की नीट चालायचा, म्हणजे अडचण हवेचीच.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतो तसला १२० मिमीचा पंखा आणला. छोटा घेऊ नका; तेवढीच हवा हलवायला त्याला खूप जोरात फिरावं लागतं आणि तो किरकिरतो. पंखा १२ व्होल्टचा, पण मी तो जुन्या मोबाइल चार्जरच्या ५ व्होल्टवर लावला. खरी शांतता इथेच मिळते: वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो. बंद खोक्यातून सतत थोडी हवा ओढणं पुरतं. काही पंखे ५ व्होल्टवर सुरूच होत नाहीत, तेव्हा आधी जोडून बघा.

सुताराकडून पाठीला वरच्या कोपऱ्यात भोक पाडून घेतलं, पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवला. स्क्रूऐवजी रबराच्या खुंट्या वापरल्या, नाहीतर प्लाय तबल्यासारखा घुमतो. खाली, समोरच्या बाजूला, निदान पंख्याएवढीच वाट हवी. ती नसेल तर पंखा नुसताच फिरतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. खालच्या वाटेवर मच्छरदाणीची जाळी आहे, ती धूळ साचली की धुतो.